रत्नागिरीचा दस्तरखान : जसा मोसम तसा रमजान

रत्नागिरीत इफ्तारला काय काय असतं, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कोणत्या मोसमातला रमजान? आपला रमजान चंद्रावर चालतो आणि कोकणातलं खाणं सूर्यावर. दरवर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 32 वर्षांत उन्हाळा, हिवाळा, पावसाळा असे सगळे ऋतू फिरून जिथला तिथे येतो. मोठ्या शहरांत हे फारसं जाणवत नाही. तिथे बारा महिने समोसे, कांदाभजी, चिरलेली फळं आणि लाल सरबत. रत्नागिरीत मात्र अजून तरी मोसमाप्रमाणे इफ्तारची थाळी बदलते. मार्चातल्या आणि जुलैतल्या थाळीत खजूर सोडला तर एकही जिन्नस सारखा नसतो, असं झालं तरी नवल नाही.

मी गेले होते ती वेळ 2025 च्या मार्चची. 2 मार्चला पहिला रोजा झाला होता आणि माझं जाणं दुसऱ्या आठवड्यातलं. आजोळ राजिवड्याचं. रेल्वे स्टेशन शहराबाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून रिक्षा मारुती मंदिर, जयस्तंभ करत हळूहळू समुद्राकडे उतरते. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 ला सुरू झाला तेव्हाही रमजानच चालू होता, शेवटचे तीन-चार रोजे राहिले होते. त्याआधी मुंबईचा चाकरमानी ईदला घरी यायचा तो एसटीत रात्र काढून, घाटातल्या वळणांवर सेहरीची पुडी सोडत. आता सकाळी निघालेला माणूस इफ्तारच्या आत घरी पोहोचतो. त्यामुळे रमजानातल्या शनिवार-रविवारी राजिवड्यातल्या घरांत अचानक आठ-दहा माणसं वाढतात. इफ्तारला वीस-पंचवीस माणसं बसणं ही इथे दावत नसते, रोजचीच गोष्ट असते.

हा भाग पाहायचा तर थिबा पॉईंटवर जावं. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाला इंग्रजांनी ज्या गावात आणून ठेवलं आणि जिथे तो 1916 साली वारला, ते हे गाव. त्याच्या राजवाड्याजवळच्या टेकडीवरून खाली काजळी नदीची खाडी दिसते. खाडीवर भाट्याचा पूल, पलीकडे सुरूचं बन आणि वाळूचा पट्टा, अलीकडच्या काठाला राजिवड्याची दाटीवाटीची कौलं, मशिदीचा मिनार आणि नांगरलेल्या होड्या. आतल्या बाजूला कर्ला. मासेमारीवर जगणारी ही वस्ती. शहराच्या दुसऱ्या अंगाला मिरकरवाड्याचं मोठं बंदर आहे, ट्रॉलर आणि लिलाव तिकडे. राजिवड्याच्या होड्या लहान, खाडीतल्या आणि किनाऱ्यालगतच्या. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडला की बायका वाकून मुळे आणि तिसऱ्या वेचताना दिसतात. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मुळे म्हणजे शिंपल्यांचीच एक जात आणि रत्नागिरीकराला ती पापलेटाहून प्रिय.

मार्चात बाजारात ओले काजू येतात. ज्यांनी फक्त पाकिटातला खारा काजू खाल्ला आहे त्यांना ओल्या काजूची कल्पना येणार नाही. हिरवी बी कोयतीनं चिरून आतला गर काढायचा. टरफलातलं तेल कातडीला लागलं की सोलवटतं, म्हणून काढणाऱ्या बायका हाताला खोबरेल चोपडून बसतात आणि तरीही मोसम संपेपर्यंत त्यांची बोटं काळी पडतात. भाव ऐकून जे नाक मुरडतात त्यांनी एकदा त्या बोटांकडे बघावं. गर कोमट पाण्यात घातले की साल सुटते. पुढचं काम अर्ध्या तासाचं. कांदा, हळद, तिखट, थोडं वाटलेलं खोबरं, वरून कोथिंबीर. हीच उसळ खिम्यात मिसळली की वीस माणसांना पुरते. अर्धा किलो खिमा आणि दीडशे-दोनशे काजूगर. नुसता खिमा वीस जणांना पुरवायचा तर दोन किलो लागला असता. शिवाय काजूचा खिमा पावात, घावनावर, चमच्यानं वाटीत, कसाही देता येतो.

कुयरी, म्हणजे कोवळा फणस, त्याच दिवसांत मिळते. लहान कैऱ्याही येतात. कोकमाची फळं मात्र एप्रिल-मेशिवाय पिकत नाहीत, त्यामुळे मार्चच्या रमजानात आगळ असतं ते गेल्या वर्षीचं, वर्षभर मुरलेलं.

मामी आता एकाहत्तर वर्षांची आहे. घरात ती, एक सून आणि बारा वर्षांची नात. मुलगा कुवेतला. चार वाजता मी स्वयंपाकघरात गेले तर चूल थंड आणि बायका निवांत. मला वाटलं, अजून सुरुवात व्हायची आहे. खरं तर सगळं होऊन गेलं होतं. त्या घराचा नियम असा, की अस्रनंतर कढई चढवायची ती फक्त एकदा, अर्ध्या तासासाठी. बाकीचं सगळं दुपारच्या आत. कारण मामीचं म्हणणं सोपं आहे, तिलाही रोजा असतो. मगरिबच्या अजानला घरातले पुरुष खजूर तोंडात घालून बसलेत आणि बाई घामाघूम होऊन भजी काढते आहे, हे चित्र तिनं सासू असताना खूप पाहिलं आणि सासू गेल्यावर बंद केलं. "अजानला सगळे बसले पाहिजेत, मीसुद्धा," असं ती म्हणते.

त्या दिवशीचे कटलेस असे झाले. एक किलो बांगडे सकाळीच मीठ-हळद लावून वाफवलेले. गार झाल्यावर काटे काढायचं काम नातीनं केलं, कारण काटा दिसायला तरुण डोळे लागतात. त्यात चार उकडलेले बटाटे, आलं-लसूण, हिरवी मिरची, पुदिना, एक अंडं आणि एका लिंबाचा रस. लहान चपटे गोळे करून रव्यात घोळवले आणि परातीत मांडून फ्रिजमध्ये ठेवले. संध्याकाळी तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून भाजले. पंचवीस-तीस होतात. कढईत सोडले तर तेल जास्त लागतं आणि फुटायची भीती. रव्याऐवजी तांदळाचं जाडसर पीठ चालतं, उलट जास्त वेळ कुरकुरीत राहतं.

सांदण आदल्या रात्री भिजवलेलं. तांदूळ धुवून, वाळवून, जाडसर रवा काढायचा. दोन वाट्या रव्याला एक वाटी घट्ट नारळाचं दूध, लागेल तसं पातळ दूध, चवीपुरती साखर आणि चिमूटभर यीस्ट. पूर्वी नारळाचं पाणी एक रात्र ठेवून आंबवायचे, आता यीस्टवर भागतं. पीठ फुगून आलं की लहान वाट्यांना तेल लावून, अर्ध्याच भरून, पंधरा-वीस मिनिटं वाफवायचं. हे सांदण मटणाच्या रश्शाबरोबर चालतं आणि गोड नारळाच्या दुधाबरोबरही. एकच पदार्थ तिखट पानात आणि गोड पानात दोन्हीकडे बसतो, म्हणून घरी माणसं जास्त असली की सांदण. मेमध्ये यातच फणसाचा रस घालून फणसाचं सांदण करतात, ते घरोघर होतं, मुसलमानांकडे आणि हिंदूंकडेही.

रोजात चाखता येत नाही, ही रमजानच्या स्वयंपाकाची मोठी अडचण. गरज पडली तर जिभेच्या टोकावर ठेवून थुंकून टाकायची सवलत आलिम सांगतात. मामी ती घेत नाही. तिच्याकडे मिठाची एक पितळी डबी आहे, झाकणाला खूण केलेली. एक किलो माशाला खुणेपर्यंत, एक वाटी पिठाला त्याच्या निम्मं. वर्षभर तिचा हात अंदाजानं चालतो आणि रमजानात मापानं. ज्या घरांत पदार्थ एक दिवस खारट आणि एक दिवस अळणी होतात त्यांनी ही युक्ती जरूर करावी. नव्या सुनेला याचा फार आधार होतो.

हा झाला मार्च. मला जाणून घ्यायचं होतं ते पावसातल्या रमजानाबद्दल. जुलैतला रमजान मामीच्या आयुष्यात दोनदा आला. पहिला 1981-82 च्या सुमाराला, तेव्हा ती लग्न होऊन सहा-सात वर्षं झालेली सून होती. दुसरा 2013 ते 2015 दरम्यान. आता तो परत येईल 2045 ला. मामीनं हा हिशेब स्वतःच केला होता आणि शांतपणे सांितला. नात तेव्हा बत्तीस वर्षांची असेल. तिच्या घरी माणसं इफ्तारला येतील, बाहेर धो धो पाऊस असेल, बंदर बंद असेल. ती त्यांना काय वाढणार?

पावसात रत्नागिरीत मासळी नसते, म्हणजे समुद्राची नसते. हल्ली यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते. पूर्वी कायद्याची गरजच नव्हती, दर्याच बंद व्हायचा. होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवायचे. भाज्यांचे ट्रकही घाटात अडकायचे. अशा दिवसांत वीस माणसांचा इफ्तार व्हायचा तो आगोटीवर. आगोट म्हणजे पावसापूर्वीची बेगमी. मे महिना हा कोकणात खाण्याचा महिना आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो साठवण्याचाही महिना आहे, हे सुट्टीला येणारे विसरतात. सुका जवळा, सुकट, बोंबील, सोडे, तांदळाचे आणि पोह्याचे पापड, सांडगी मिरची, आमसुलं, आगळ, फणसपोळी, आंबापोळी आणि तळलेले गरे. पत्र्याचे डबे भरून माळ्यावर जायचे. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, ती महाग म्हणून पाहुण्यांसाठी. जवळा रोजच्यासाठी.

तळलेल्या गऱ्यांचं सांगते, कारण पावसातल्या इफ्तारला त्याच्याइतकं बिनकष्टाचं काही नाही. फणस कापा हवा आणि पूर्ण तयार पण न पिकलेला. बरका त्याला चालत नाही, बरक्याची पोळी होते. गरे उभे पातळ चिरून खोबरेल तेलात मध्यम आचेवर तळायचे. अर्धवट झाले की कढईत चमचाभर मिठाचं पाणी शिंपडायचं, तेल तडतडतं, दूर उभं राहावं. आवाज थांबला, गरे वाजायला लागले की काढायचे. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. एवढं पथ्य पाळलं तर जुलैतही ते मऊ पडत नाहीत. अजानला पाच मिनिटं असताना डबा उघडायचा, बस्स.

दुसरी जवळ्याची भजी. 1982 साली याच भजीवर राजिवड्यात किती इफ्तार झाले असतील याची गणती नाही. दोन वाट्या सुका जवळा निवडून घ्यायचा, त्यात बारीक खडे आणि शिंपल्यांचे तुकडे असतात. दोन-तीन पाण्यांतून काढून घट्ट पिळायचा. तीन कांदे बारीक चिरून, मिरची, कोथिंबीर, हळद, एक वाटी तांदळाचं पीठ आणि अर्धी वाटी बेसन. मीठ फार थोडं, जवळ्यात ते असतंच. पाणी जवळजवळ नको, कांद्याच्या ओलीतच पीठ मळून येतं. चपट्या वड्या थापून तव्यावर भाजा किंवा तळा. वासाचं म्हणाल तर शहरातल्या बंद फ्लॅटमध्ये शेजारी तक्रार करतील, हे खरं आहे. तिथे खिडक्या उघड्या ठेवून, दुपारीच करून घ्यावी.

अळूवडी याच मोसमाची. ती मुद्दाम लिहिते आहे, कारण राजिवड्याच्या आणि वरच्या आळीच्या घरांचं येणं-जाणं जुनं आहे. शेजारच्या हिंदू घरातल्या बायका-मुलं एक दिवस तरी इफ्तारला येतात आणि त्यातलं कोणी मासे न खाणारं असतंच. त्यांच्यासाठी ताटात फक्त केळी आणि खजूर ठेवून "तुम्ही घ्या ना काहीतरी" म्हणणं बरं दिसत नाही. अळूच्या पानांना चिंच-गुळाचं बेसन लावून उंडे सकाळी वाफवून ठेवले की संध्याकाळी काप करून तळायला दहा मिनिटं पुरतात. खाजरी पानं असली तर चिंचेत हात आखडू नये. मामी या वड्या आधी, कोऱ्या तेलात तळते आणि मग त्याच कढईत बाकीचं. हा क्रम उलटा झाला तर त्या शाकाहारी पाहुण्याला वाढून उपयोग नाही आणि तो सांगणारही नाही.

पाहुण्यांवरून आणखी एक गोष्ट, जी घाटावरच्या वाचकांना माहीत असेल पण कोकणातल्या तरुण मुलींच्या लक्षात राहत नाही. आपण कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. समुद्रातलं सगळं आपल्याला हलाल, त्यामुळे मुळे, तिसऱ्या, खेकडे, कोळंबी यांबद्दल आपल्या मनात प्रश्नच येत नाही. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी आहेत. ते मुळे आणि खेकडे खात नाहीत, आणि कोळंबीबद्दल हनफी आलिमांमध्येच दोन मतं आहेत. आता सोयरिकी दूरदूर होतात. घाटावरची सून येते, जावई येतो, त्यांचे आई-वडील येतात. भानगड अशी होते, की आपण मोठ्या प्रेमानं मुळ्यांचं सुकं पुढे करतो आणि समोरचा माणूस रोजा सोडायच्या वेळी संकोचानं ताट बाजूला सारतो. राजिवड्यात मला दिसलं ते असं: शिंपल्या-कोळंबीची ताटं दस्तरखानाच्या एका टोकाला, वेगळ्या चमच्यांसह. बांगडा, सुरमई, खिमा, सांदण मध्यभागी, सगळ्यांसाठी. काय कशात आहे ते बसतानाच मोठ्यानं सांगायचं. भजीत जवळा आहे का, समोशात कोळंबी आहे का, हे कोणाला विचारावं लागू नये. यात कोणाचा मसलक मोठा-लहान होत नाही, मेहमानाचं मन राखलं जातं.

मुळे करायचेच असतील तर एक काळजी. आणल्यावर दोन-तीन तास मिठाच्या पाण्यात ठेवावेत म्हणजे पोटातली रेती सोडतात. उकळत्या पाण्यात घातले की शिंपला उघडतो. जो उघडत नाही तो फेकून द्यावा, त्याला सुरीनं उघडून आत काय आहे ते बघत बसू नये.

आता तोंडीलावणी. दस्तरखानावर मोठे पदार्थ दोन असले तरी चालतं, तोंडीलावणी चार हवीत, हा रत्नागिरीचा शिरस्ता मला पटतो. खर्च कमी, हात कमी आणि थाळी भरलेली. सिरक्याला हुजूर (स.) यांनी चांगलं सालन म्हटल्याचं हदीसमध्ये येतं. घरात काही नसताना जे आहे त्याची कदर करण्याची ती शिकवण. कोकणात सिरक्याची जागा कोकमानं घेतली आहे, असं मी तरी मानते. वीस लहान पेले सोलकढीला चार नारळ लागतात. नारळाचं दूध दोनदा काढावं, पाट्यावर चार-सहा लसणीच्या पाकळ्या आणि तीन मिरच्या वाटून त्यात घालाव्यात आणि शेवटी आगळ, एक वाटी किंवा थोडं कमी. आगळात मीठ असतं हे लक्षात ठेवावं. सोलकढी चुलीवर ठेवायची नाही, फाटते. दिवसभराच्या रोजानंतर पोटाला ती भज्यांपेक्षा शंभरपट बरी.

कैरीची चटणी तर शिजवायचीही नाही. दोन कैऱ्या किसून, एक कांदा बारीक चिरून, गूळ, लाल तिखट, मीठ. तासभर ठेवली की पाणी सुटून आपोआप एकजीव होते. कैरीचा मोसम नसेल तेव्हा आमसुलं भिजवून, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटून चटणी. सुक्या बोंबलाची चटणी ही तिसरी: बोंबील तव्यावर खरपूस भाजून, ठेचून, लसूण आणि सुकी मिरची. ही आठ-दहा दिवस टिकते, म्हणून रमजानच्या पहिल्या आठवड्यातच करून ठेवावी. पापड भाजावेत, तळू नयेत. एवढं झालं की कढईला काम उरत नाही.

सुनेचं म्हणणं मी मुद्दाम ऐकून घेतलं, कारण मामीचं सगळं कौतुक करून निघून येणं सोपं असतं. ती एका शाळेत शिकवते. दोन वाजता घरी येते. तिनं मला फ्रीझर उघडून दाखवला, समोशाच्या तयार पट्ट्या, पराठे, चिकनचे तयार गोळे. "मामी मे महिन्यात पापड करायच्या तेव्हा घरात सहा बायका होत्या आणि अंगणात आणखी चार यायच्या. आता आम्ही दोघी आणि ही," असं नातीकडे बघून ती म्हणाली. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. समोशाची पट्टी विकत आणण्यात काही हरवत नाही, पट्टी लाटणं हे कष्टाचं काम आहे, चवीचं नाही. चव आतल्या सारणात. पण तयार गोळ्यांचं पाकीट आणि घरचे कटलेस यांत जो पैशाचा फरक आहे तो वीस माणसांच्या इफ्तारला फार मोठा होतो, आणि शेवटी तेही तळावेच लागतात, म्हणजे बाई कढईपाशी ती उभीच. आगोटीचं म्हणाल तर दहा बायकांचं काम दोघींनी करायचं नसतं. पापड बचत गटाकडून घ्यावेत, गावोगावी असे गट आहेत. गरे घरी, कारण ते दोघींना होतात. जवळा सुकलेला विकत. आगळ ओळखीच्या घरून. सून यावर हसली आणि म्हणाली, मग उरलं काय? उरलं ते एवढंच, कशात काय आणि किती, हे माहीत असणं.

त्यासाठी तिनं जे केलं आहे ते मला आवडलं. मामी करत असताना ती फोनवर बोलणं टिपून ठेवते. मामीला वाचता येतं पण लिहायचा कंटाळा, आणि बोलताना तिची कोकणी घरातल्यासारखी मोकळी येते. पितळी डबीची खूण म्हणजे किती ग्रॅम, हे नातीनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून काढलं. अकरा ग्रॅम भरलं. पावसातल्या इफ्तारचं टिपण मात्र अपुरं आहे, कारण ते करताना बघायला पाऊस हवा. या जुलैत रमजान नसला तरी एक दिवस तसाच दस्तरखान मांडायचा असं तिघींनी ठरवलं आहे. नफिल रोजा धरून, आगोटीच्या डब्यांतून.

मेमधल्या रमजानांबद्दल फार लिहीत नाही, 2018 आणि 2019 चे इफ्तार सगळ्यांच्या आठवणीत ताजे आहेत. हापूसची फोड खजुराशेजारी होती आणि बाकी काही नसतं तरी चाललं असतं. त्याच्या पुढच्या वर्षी, 2020 ला, रमजान एप्रिलच्या शेवटी सुरू झाला तेव्हा टाळेबंदी होती. मशिदी बंद, मुंबईचे लोक मुंबईत अडकलेले. आंबा अंगणात पडून होता आणि दस्तरखानावर माणसं तीन. मामी त्या वर्षी रोज चारच कटलेस करायची. चौथा कोणासाठी, असं मी विचारलं नाही.

पुढे येतो आहे तो थंडीतला रमजान. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. रोजा लहान, जेमतेम साडेबारा तासांचा. जूनमध्ये तो साडेचौदाच्या घरात जातो. मगरिब सहाच्या सुमाराला, म्हणजे तयारीलाही वेळ कमी. पण मासळी भरपूर, बांगडा स्वस्त, आणि मळ्यांतून कणगी आणि करांदे निघालेले. करांदे नुसते मिठाच्या पाण्यात उकडायचे, सोलून वर खोवलेलं खोबरं. पोटभरीचे आणि तेलाचा थेंब नाही. हल्लीच्या मुलांना ते ठाऊक नसतात, बाजारातही थोड्याच बायका घेऊन बसतात. मामीनं तिच्या ओळखीच्या एकीला आत्ताच सांगून ठेवलं आहे, थोडं बेणं राखून ठेव, परसात लावायचं आहे.